शिंगरू शेवटी बघा, आधी घोडी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळची उदगीरची, नोकरीसाठी डेन्व्हरला असते. मे महिन्यात सुट्टी काढून अमेरिकेतल्याच प्रायर पर्वतातले रानघोडे आणि त्यांची नवी शिंगरं बघायला जायचंय. लांबून घोडे बघून, फोटो काढून परत यायचं नाही, नीट निरीक्षण करायचंय. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये गावी येणार आहे. आपल्याकडं याचा काही सराव होऊ शकतो का? आणि तिथं गेल्यावर नेमकं काय बघायचं?"

ताई, आधी सरावाचं सांगतो, कारण तो करून गेलात तर तिथले चार दिवस सार्थकी लागतील आणि न करता गेलात तर घोडे चरताना दिसतील, बस. माझा सगळा जन्म बीड-धाराशिवकडं जनावरांच्या दवाखान्यात गेला. नोकरीतून मोकळा झाल्यावर मंगोलियात आणि तुम्ही जाताय त्या प्रायरलाही जाऊन आलो. तिथं जे काही कळलं, ते बालाघाटावर धनगरांच्या घोड्या बघत काढलेल्या दुपारींमुळं कळलं.

सुगी आटोपली की पाटोदा, आष्टी, भूम, परांडा या पट्ट्यात धनगरांचे वाडे रानोमाळ दिसायला लागतात. मेंढरं रात्री शेतात बसवतात, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो, आणि काही दिवसांनी बिऱ्हाड पुढच्या शिवारात हलतं. ते ज्यांच्या पाठीवर हलतं त्या लहानखुऱ्या, काटक घोड्यांकडं तुमचं लक्ष पाहिजे. दख्खनच्या या घोड्यांना भीमथडी म्हणतात आणि आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद झाली आहे. लोक त्यांना अजून तट्टू म्हणूनच हिणवतात, ते जाऊ द्या. आपल्या कामाची गोष्ट अशी की बिऱ्हाड टेकलं की घोड्यांच्या पुढच्या पायांना पायबंद घालून त्यांना चरायला सोडतात, आणि शिंगरू मात्र पूर्ण मोकळं असतं. आई फार लांब जाऊ शकत नाही, पोर कुठंही जाऊ शकतं. मायलेकरांतलं अंतर कोण ठेवतं, हे बघायला याहून सोपी जागा मला माहीत नाही.

वाड्यावर जाताना दोन गोष्टी सांभाळा. कुत्री जबर असतात, म्हणून बांधावरूनच हाक द्यायची, राम राम घालायचा आणि कोणी तरी "या" म्हणेपर्यंत पुढं पाऊल टाकायचं नाही. सकाळी बिऱ्हाड भरायची घाई असते. माणसं आणि मेंढरं चारणीला गेली की दुपारी निवांतपणा असतो. घोड्यांचं सगळं बायांच्या हातात असतं. कुठली घोडी कधी व्यायली, कुणाचं पोर कुणाचं, हे त्यांनाच विचारा. फोटो विचारून काढा.

मग एकच घोडी धरा आणि दीड-दोन तास बसा. शिंगराकडं बघायचं नाही, घोडीकडं बघायचं. सुरुवातीला हे जमत नाही, कारण शिंगरू उड्या मारतं आणि घोडी नुसती चरते. पण घोडीचा एक कान बघा. पोर ज्या बाजूला असेल त्या बाजूला तो कान वळलेला असतो. चरता चरताही वळतो. पोर तिच्या मागून पलीकडच्या अंगाला गेलं की कान बदलतो. ते फार लांब गेलं की ती चरणं थांबवून मान वर करते, आणि तरी आलं नाही तर तोंड न उघडता नाकातून हलकासा हुंकार देते. हा हुंकार आपल्याला थोड्या अंतरापलीकडं ऐकूसुद्धा येत नाही, पण शिंगरू उधळत परत येतं. खिंकाळी सगळ्यांनाच ऐकू येते. हुंकार देताना घोडीच्या नाकपुड्या थरथरतात, त्या दुर्बिणीतून दिसतात. प्रायरला आवाज येणारच नाही, तेव्हा नाकपुड्या ओळखता यायला हव्यात.

दुसरा सराव काळविटांचा. मराठवाड्याच्या माळांवर, शेतशिवारात काळविटांचे कळप अजून आहेत, आणि उदगीर-देवणीकडच्या माणसाला ते नवीन नाहीत. इथं बघायचं ते शिंगराच्या नेमकं उलटं. काळविटाचं पाडस पहिले काही दिवस गवतात नाहीतर उभ्या पिकात दबून बसतं. आई लांब चरते, फक्त पाजायला येते. शिंगरू मात्र पहिल्या दिवसापासून आईच्या अंगाला अंग लावून चालतं. एका जातीचं पोर लपतं, दुसऱ्याचं पाठ धरतं, आणि या एका फरकावर कळपाचं सगळं वागणं ठरतं. घोड्यांची टोळी व्यालेल्या घोडीला मागं टाकून जाऊ शकत नाही, आणि घोडीही पोर झुडपात ठेवून जाऊ शकत नाही. म्हणून पोर उभं राहीस्तोवर दोन-तीन तास सगळ्यांची चाल मंदावते. ही मंदावलेली चाल लांबूनसुद्धा ओळखू येते. जाता जाता सांगतो, तुरीत एकटं बसलेलं पाडस "आईनं टाकलं" म्हणून उचलून आणणारे लोक मी नोकरीत फार पाहिले. आईनं टाकलेलं नसतं. तसं दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, एवढं गावात सांगून ठेवा.

माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते, तुम्ही येईस्तोवर ती उरकलेली असेल. जमत असतं तर म्हणालो असतो, तिथल्या घोडेबाजारात व्यापाऱ्याच्या मागं उभ्या राहा. तो घोड्याचे भोवरे बघतो, गळ्यावर देवमण म्हणजे शुभ मानलेला भोवरा आहे का, चारी पाय आणि कपाळ पांढरं असून पंचकल्याणी आहे का, हे सांगतो. शुभाशुभ सोडून द्या. पण भोवरा कुठं, कपाळावरचा टिळा केवढा, कुठल्या पायाला पांढरं आणि कुठवर, अयाळ कुठल्या बाजूला पडते, ही नजर रानघोड्यांना ओळखायला तंतोतंत लागते. प्रायरला घोडे एकमेकांसारखेच भुरे, उंदरी म्हणजे राखाडी, कुमैत म्हणजे तांबूस. पाठीवरून शेपटीपर्यंत काळा पट्टा आणि पायांवर आडवे पट्टे तर बहुतेकांना असतात. रंग लिहून काही होत नाही. "मागचा डावा पाय घोट्यापर्यंत पांढरा, टिळा डावीकडं कललेला" असं लिहिलंत तरच दुसऱ्या दिवशी तीच घोडी सापडेल.

आता तिथलं. मोंटाना आणि वायोमिंगच्या सीमेवर सुमारे ३८ हजार एकरांचा हा प्रदेश १९६८ मध्ये रानघोड्यांसाठी राखून ठेवला गेला. पुढं १९७१ मध्ये तिकडं देशपातळीवर रानघोड्यांना आणि गाढवांना संरक्षण देणारा कायदा झाला. खरं बोलायचं तर हे मूळचे रानटी घोडे नाहीत. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांचं रक्त त्यांच्यात आहे आणि पिढ्यान् पिढ्या ते मोकळे आहेत. मूळचा रानटी म्हणावा असा आज एकच, मंगोलियातला ताखी. त्याची गुणसूत्रं ६६, आपल्या घोड्याची ६४. रानातून तो १९६० च्या दशकाअखेर नाहीसा झाला होता, पिंजऱ्यातल्या मोजक्या घोड्यांपासून वाढवून १९९२ मध्ये पुन्हा मंगोलियातल्याच हुस्ताईच्या राखीव रानात सोडला. पण टोळीची रीत दोघांची जवळपास सारखी आहे, म्हणून तुम्ही प्रायरला शिकाल ते हुस्ताईला चालेल.

मे महिना निवडलात ते बरोबर आहे, त्यामागचं कारण मात्र समजून घ्या. घोडी दिवस मोठा व्हायला लागला की माजावर येते आणि अकरा महिने गाभण राहते. म्हणजे वसंतात भरलेली घोडी पुढच्या वसंतात विते. आपल्याकडं सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक सव्वादोन-अडीच तासांचा. मोंटानात तो जवळपास सात तासांचा आहे. वर आपली घोडी कडबा-चंदीवर असते. म्हणून इकडं शिंगरं वर्षात कधीही जन्मतात आणि तिकडं बहुतेक सगळी एप्रिल ते जूनमध्ये उरकतात. उशिरा झालेलं पोर तिथल्या हिवाळ्यात तगणं अवघड.

याहून महत्त्वाचं पुढं आहे. व्यायल्यानंतर साधारण आठवड्या-दहा दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. म्हणजे नवी शिंगरं आणि नरांची धुमश्चक्री हे दोन्ही एकाच महिन्यात, एकाच माळावर चालतं. नाजूक पोर सगळ्यांत आडव्या वेळी जन्माला येतं. मे महिन्यात जे काही दिसेल, घोडीची कुरबुर, नराचं फेऱ्या घालणं, परक्या नराचं टेकाडावर येऊन उभं राहणं, त्याचा उलगडा या एका गोष्टीतून होतो. बहुतेक लोक शिंगराच्या उड्यांचे फोटो काढतात आणि शंभर पावलांवर जे चाललंय ते त्यांना दिसतच नाही.

टोळी म्हणजे एक नर, कधी त्याच्या जोडीला दुसरा दुय्यम नर, दोन-चार घोड्या आणि त्यांची पोरं. दोन-तीन वर्षांची झाली की पोरं बाहेर पडतात. तरण्या नरांचे वेगळे जथे असतात आणि ते टोळ्यांच्या अवतीभवती रेंगाळतात. घोडे जमिनीची हद्द राखत नाहीत. एकाच पाणवठ्यावर चार टोळ्या येतात, आणि नर राखतो ते आपल्या घोड्यांभोवतीचं अंतर. म्हणून सकाळी पोहोचल्यावर पहिला अर्धा तास दुर्बीण लावूच नका. नुसत्या डोळ्यांनी माळावर घोळके किती, त्यांच्यात मोकळी जागा किती आणि ती कमी होतेय का, हे बघा. मग घोळक्याच्या कडेला, इतरांपेक्षा जरा वेगळा उभा असलेला घोडा शोधा. बहुधा तोच नर. मान खाली, जमिनीलगत ताणून, कान पार मागं टाकून तो घोडीच्या दिशेनं चालला तर तो तिला हाकतोय. लढाईत मान वर असते, हाकताना खाली. पहिल्या दिवशी एवढं पाठ झालं तरी पुष्कळ.

"पुढं चालते ती म्होरकी घोडी, ती सगळ्यांना नेते" हे तुम्ही ऐकून जाल. त्यात फार तथ्य नाही. आज एक निघते, उद्या दुसरी. कधी पोर पाजणारी तहानेनं आधी निघते आणि बाकीच्या मागं लागतात. दुभत्या घोडीला पाणी जास्त लागतं, एवढं साधं कारण त्यामागं असतं. पाण्याकडं कोण निघतं याची नोंद ठेवलीत तर टोळीत कोण व्यालेली आहे याचा अंदाज पोर न दिसताही येतो.

घोडी बहुतेक रात्री किंवा पहाटे विते, त्यामुळं वीत बघायला मिळणं नशिबाचा भाग. पण सकाळी गेलात आणि घोडी टोळीच्या कडेला थांबलेली दिसली तर तिच्या मांड्यांकडं बघा. वार लोंबत असेल, शेपटीचे केस चिकटलेले असतील. दवाखान्यात आमचा ठोकताळा असा: पोर तासाभरात उभं राहावं, दोन तासांत त्यानं सड धरावं, तीन तासांत वार पडावी. रानातही हाच हिशोब लागतो, फक्त तिथं मदतीला कोणी नाही आणि तुम्हीही जायचं नाही.

पोराचं वय लांबून ठरवायला खूर बघा. नुकत्या जन्मलेल्या शिंगराच्या खुरांच्या तळाशी मऊ, पिवळसर पापुद्रे लोंबत असतात. पोटात असताना आईच्या आतल्या भागाला इजा होऊ नये म्हणून हे असतात. दगडमातीवर चाललं की दिवसाभरात झिजून जातात. चांगल्या दुर्बिणीतून, पोर आडवं पडून पाय ताणत असेल तेव्हा, ते दिसू शकतात. दिसले तर पोर त्याच दिवसाचं समजा. नाळेचा ओला काळपट तुकडा असेल तर एक-दोन दिवसांचं. पहिले दोन-तीन दिवस ते आईच्या अंगाला चिकटून असतं. मग आईभोवती गोल गोल धावायला लागतं, आधी एक फेरी, मग तीन-चार, आणि प्रत्येक फेरी थोडी मोठी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते दुसऱ्या शिंगराशी खेळतं. खेळत असेल तर ते नवं नाही, एवढं नक्की.

दूध पिण्याचं जरा नीट सांगतो, कारण इथं लोकांचा फार गैरसमज होतो. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला चार-पाच वेळा, कधी त्याहूनही जास्त पितं. दर वेळी जेमतेम मिनिट-दीड मिनिट. आधी आईच्या पुढून आडवं जाऊन तिला थांबवतं, मग बाजूनं कासेशी तोंड नेऊन ढुशी मारतं. घोडीनं कान मागं टाकले, मागचा पाय हलकेच उचलला, तरी ती रागावली असं नाही. ढुशी लागते तिला. पण पोर सारखं कासेखालीच असेल, पिऊन झाल्यावर झोपत नसेल, तर पोट भरत नाही असं समजा. आणि एक खूण आमच्या धंद्यातली: शिंगराच्या कपाळावर, नाकाडावर वाळलेल्या दुधाचे पांढरट ओघळ. याचा अर्थ आईला पान्हा आहे, दूध गळतंय, पोर कासेखाली उभं राहतं पण चोखत नाही. गोठ्यात असं पोर दिसलं की मी धावत जायचो. प्रायरला असं दिसलं तर वहीत लिहा, फोटो काढून ठेवा आणि लव्हेलला माणसं आहेत त्यांना सांगा. त्या गावात या घोड्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नोंद ठेवणारं केंद्र आहे.

शिंगरू कुशीवर पसरून, मान टाकून झोपतं. पाय हलत नाहीत, कान हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं मेलं. नाही. पहिल्या काही आठवड्यांत त्याचा बराच दिवस असाच जातो आणि आई त्याच्या डोक्याशी उभ्यानं पेंगते. आई शांत पेंगत असेल तर पोर ठीक आहे. आई पुन्हा पुन्हा खाली नाक नेते, पायानं उकरते, थोडी लांब जाऊन परत येते, असं चाललं तर मात्र काहीतरी बिनसलंय. अजून एक गोष्ट पाहून दचकू नका. शिंगरू आईची ताजी लीद खातं. पचनाला लागणारे जीवाणू त्याला त्यातून मिळतात.

गेल्या सालचं पोर कुठं आहे ते शोधा. माझ्या मते वसंतातलं सगळ्यांत रंजक पात्र हेच, आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. परवापर्यंत आईच्या कुशीत उभं राहणाऱ्या या वर्षाच्या पोराला आई आता कान टाकून, दात दाखवून लांब ठेवते. ते कडेला उभं राहतं, दोन पावलं पुढं येतं, पुन्हा हाकललं जातं. मग बघा: मान पुढं ताणतं, ओठ मागं ओढून तोंडाची नुसती उघडझाप करतं, चावत काही नाही. मोठ्यांना "मी लहान आहे, मारू नका" म्हणायची ही रीत. नवजात पोरंही नरासमोर हेच करतात. पाच-सहा दिवसांनी आई त्याला पुन्हा जवळ येऊ देते की नाही, नव्या शिंगराला हुंगू देते की नाही, हे बघायला तुम्ही तिथं असाल तर सुट्टी वसूल झाली.

नराचं एक वागणं जवळून सांगतो, कारण ते दोन मिनिटांत उरकतं आणि नजरेतून निसटतं. घोडी मुतली की नर चालत येतो, जागा हुंगतो, मान वर करून वरचा ओठ उलटा दुमडतो आणि तसाच काही क्षण थांबतो. मग पुढं होऊन नेमका त्याच जागेवर स्वतः मुततो आणि वळून पुन्हा हुंगतो. घोडी माजाला आलीय का, हे तो तपासतो, आणि तिच्या वासावर आपला वास घालतो. व्याल्याला आठवडा होत आलेल्या घोडीच्या बाबतीत हे दिवसातून किती वेळा होतं ते मोजा. वाढायला लागलं की आसपासचे तरणे नर जवळ सरकताना दिसतील. वाटांवर लिदीचे मोठे ढीग दिसतील, तेही नरांचेच. एकानं टाकली की दुसरा हुंगून त्यावर टाकतो. दोन नर अशा ढिगाशी समोरासमोर आले, किंचाळले, पुढचे पाय आपटले, की बहुतेक वेळा तिथंच मिटतं. खरी लढाई झाली तर लक्ष व्यालेल्या घोडीवर ठेवा. ती पोराला घेऊन कुठल्या बाजूला निघते, टोळी पोराला मध्ये घेते का, हे तेव्हा कळतं.

नोंद कशी ठेवायची? प्राण्यांच्या वागण्याच्या नोंदींची पद्धत जीन अल्टमन या बाईंनी १९७४ मध्ये नीट मांडली, आणि हौशी माणसालाही तीच बरी पडते. एक घोडी धरून तासभर फक्त तिचंच लिहायचं. त्यानंतर दर दहा मिनिटांनी एकदा सगळ्या टोळीवरून नजर फिरवून कोण काय करतंय आणि कोणाच्या सगळ्यांत जवळ कोण आहे, एवढंच टिपायचं. "घोडी रागावली" असं लिहायचं नाही. "कान मागं, डावा पाय उचलला" असं लिहायचं. अर्थ रात्री खोलीवर काढा. दुर्बीण आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची पुरे. त्याहून मोठी हातात थरथरते.

अंतराबद्दल तिथला नियम किमान १०० फुटांचा आहे. व्यालेली घोडी असेल तर मी त्याच्या तिप्पट ठेवतो. नियम मोडून दंड होईल म्हणून नव्हे. जवळ गेलात की जे बघायला गेलात तेच बंद होतं. घोड्यानं चरता चरता मान उचलून तुमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली, तर ठीक. सगळ्यांनी माना उचलल्या आणि पोरं आयांच्या पलीकडच्या अंगाला गेली, तर तुम्ही आधीच फार जवळ आहात, सावकाश मागं या. सरळ त्यांच्याकडं चालत जायचं नाही, तिरकं जायचं, मधूनमधून पाठ करून बसायचं. घोडी आणि पोर यांच्या मध्ये, किंवा नर आणि त्याच्या घोड्या यांच्या मध्ये कधीही येऊ नका. ड्रोन घरी ठेवा. खायला काही देऊ नका.

शिंगरं तुम्हाला वाटतात त्याहून कमी दिसतील, तेव्हा हिरमुसू नका. तिथं कळप फार वाढू देत नाहीत, आणि त्यासाठी बऱ्याच घोड्यांना गर्भ राहू नये म्हणून लांबून डार्टनं लस टोचतात. या लशीवरून उलटसुलट बरंच बोललं जातं. मला विचाराल तर घोडे पकडून कोंडण्यापेक्षा हे बरं. आटोपशीर माळावर चारा संपला की काय होतं ते आपण दुष्काळात पाहिलंय. शिवाय प्यूमा, म्हणजे तिकडचा डोंगरी सिंह, आहे. २००० नंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांत त्यानं शिंगरांचा इतका फडशा पाडला होता की मोजकीच उरली. काल दिसलेलं पोर आज नसेल, घोडी एकटी उभी असेल, कास तुंबलेली असेल. असं दिसलं तर तेही लिहा. ती किती वेळ शोधते, हाका कधी थांबवते, टोळी तिच्यासाठी थांबते का.

अमेरिकेपर्यंत ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आसामात दिब्रू-सैखोवाच्या बेटांवर मोकाट झालेले घोडे आहेत, तिनसुकियाजवळच्या गुइजान घाटावरून होडीनं जावं लागतं. कच्छच्या छोट्या रणात खूर म्हणजे रानगाढवं आहेत, २०२४ च्या गणनेत ७,६७२ भरली. पण त्यांची रीत वेगळी. तिथं नर जमीन राखतो, माद्या येतात-जातात, आणि पोरं वसंतात नव्हे, पावसाळ्याच्या सुमारास होतात. घोड्यांचे आडाखे तिथं लावू नका.

शेवटी तुमच्या मे महिन्याचं. वरचा डोंगरमाथा पावणेनऊ हजार फुटांच्या घरात आहे आणि मे महिन्यात तिथं बर्फ असतो. सायक्स आणि बर्न्ट टिंबर या दोन्ही धारांवरच्या वाटा चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीशिवाय जमणाऱ्या नाहीत, आणि चिखल असेल तर तशा गाडीलाही नाही. त्या वेळी बरेच घोडे खालीच असतात. लव्हेलहून ३७ नंबरचा डांबरी रस्ता बिगहॉर्न दरीच्या बाजूनं त्याच प्रदेशातून जातो, ड्रायहेड म्हणतात त्या भागात साध्या गाडीतून, रस्त्याच्या कडेला थांबून टोळ्या दिसू शकतात. उजाडायच्या आत तिथं पोहोचा, गाडीतच बसा, काच खाली करा. टोळीजवळ इतर गाड्या थांबल्या असतील तर पुढं निघून जा आणि दुसरी शोधा. एकच टोळी निवडून रोज तिच्याकडंच गेलात तर पाचव्या दिवशी व्यालेली घोडी कुठली, माजाला आलेली कुठली, हे तुम्हाला न विचारता सांगता येईल. उन्हं तापली की खालच्या भागात खडखड्या साप बाहेर येतात, तेव्हा खडकावर बसताना आधी काठी आपटा.